गोळी लँड्सला टेकवू की मागे ठेवू? जॅम की जंप, कोणाला काय जमेल

हँडलोडिंग, म्हणजे काडतूस स्वतः भरणं, नवीन सुरू केलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, सीटिंग डेप्थ किती ठेवू, म्हणजे गोळी केसमध्ये, काडतुसाच्या पितळी नळीत, किती आत बसवू. आधीच सांगतो, हे सगळं इथलं, अमेरिकेतलं आहे. भारतात लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ती ५० मीटरची इव्हेंट .२२ रिमफायरची (पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असलेलं काडतूस), ते काडतूस तयारच येतं, रीलोड करायचं नसतं, तिथे नेमबाज वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा, मारून बघतात आणि आपल्या बॅरलला मानवणारा लॉट उचलतात. सेंटरफायरवाल्यांना (ज्यांच्या काडतुसात प्रायमर, म्हणजे पेटवणारी टोपी, बुडाच्या मधोमध असते) मात्र गोळी कुठे बसवायची ते स्वतःच ठरवावं लागतं.

चेंबरच्या पुढे थोडी मोकळी जागा असते, तिला थ्रोट म्हणतात, आणि त्यापुढे आट्यांचे कंगोरे सुरू होतात, ते लँड्स. राउंड, म्हणजे पूर्ण काडतूस, आत गेल्यावर गोळी लँड्सच्या मागे राहिली तर जंप, बोल्ट बंद करतानाच लँड्समध्ये रुतली तर जॅम. सगळा हिशोब थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात चालतो, २० थाउ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर.

जॅमचं मूळ घर बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून सगळ्यात लहान ग्रुप (भोकांचा घोळका) मारायची स्पर्धा. ६ पीपीसी नावाचं काडतूस, छोटी फ्लॅट-बेस गोळी, राउंड हाताने एकेक टाकायचा. गोळी आधीच लँड्सना टेकलेली असल्यामुळे बोअरच्या मध्यावर सरळ उभी राहते आणि प्रत्येक वेळी सुरुवात सारखी होते, काहीजण तर नेक टेन्शन, म्हणजे केसच्या मानेची गोळीवरची पकड, इतकं हलकं ठेवतात की बोल्ट बंद करतानाच गोळी शेवटची जागा घेते. छान वाटतं ऐकायला, पण त्याची किंमत बघा. टेकलेल्या गोळीला पळायला मोकळी जागा नसते म्हणून प्रेशर चढतं, जंपवर चालणारा चार्ज, म्हणजे पावडरचं वजन, तसाच ठेवून जॅम केलं तर महागात पडू शकतं. दुसरं म्हणजे रेंजवर सीज-फायर, म्हणजे गोळीबार थांबवायचा हुकूम, झाला आणि न मारलेला राउंड बाहेर काढायला गेलात की गोळी बॅरलमध्येच अडकू शकते आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये, बोल्ट बसतो त्या भागात, सांडते, मग क्लीनिंग रॉड शोधत बसा. तिसरं, थ्रोट झिजत जातो, लँड्स पुढे सरकतात, म्हणून जॅमवाल्याला दर काही शे राउंडनंतर मोजमाप करून गोळी पुढे आणावी लागते.

जंपचा मोठा फायदा म्हणजे मॅगझिन. .३०८ विंचेस्टरची स्टँडर्ड कमाल लांबी २.८१० इंच, मॅगझिन साधारण त्याच हिशोबाने बनवलेलं असतं, आणि बऱ्याच फॅक्टरी रायफलींचा थ्रोट इतका लांब असतो की त्या लांबीत गोळी लँड्सपर्यंत पोचतच नाही, मग जॅम की जंप हा वाद तिथेच संपला. हायपॉवर नावाच्या स्पर्धेत एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरणारे दोन्ही एकाच मॅचमध्ये करतात, २०० आणि ३०० यार्डच्या रॅपिड फायरला ६९ किंवा ७७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी मॅगझिनच्या लांबीत, आणि ६०० यार्डला ८० ग्रेनची, ती इतकी लांब लोड करतात की मॅगझिनमध्ये मावतच नाही, एकेक हाताने टाकायची. पीआरएस, म्हणजे प्रिसिजन रायफल सीरीज या स्पर्धेत तर मॅगझिन, धूळ, घाई सगळंच असतं, तिथे जॅम घेऊन जाणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

पण खरा फरक गोळीच्या नाकामुळे पडतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात. ओजाइव्ह म्हणजे गोळीच्या निमुळत्या नाकाचं वळण. सिएरा मॅचकिंगसारखी टँजंट ओजाइव्हची, म्हणजे नाक अंगात सलग मिसळणारी, गोळी जंपच्या बाबतीत समजूतदार, थोडं इकडेतिकडे झालं तरी ग्रुप फार बिघडत नाही. व्हीएलडी (व्हेरी लो ड्रॅग) म्हणजे सीकंट ओजाइव्ह, नाक अंगाला कोनात मिळतं, ती हवा छान कापते पण नखरेल, एका डेप्थला एका भोकात आणि थोडं हलवलं की पसरली. म्हणून गोळ्या बनवणाऱ्या बर्जर कंपनीचा सल्ला असा की व्हीएलडी १० थाउ जॅम आणि ४०, ८०, १२० थाउ जंप अशा मोठ्या पायऱ्यांनी तपासा, दोन-दोन थाउ हलवत बसू नका. हायब्रिड गोळी दोन्हींच्या मधली, म्हणून हल्ली इतकी खपते.

आणि मोजायचं कुठून? टोकापासून नाही. हॉलो-पॉइंट मॅच गोळ्यांची टोकं एकाच डब्यात कमीजास्त असतात, त्यामुळे पूर्ण लांबी फक्त मॅगझिनमध्ये बसतंय का ते बघायला, सीटिंगसाठी कॅलिपरला कंपॅरेटर, म्हणजे ओजाइव्हवर टेकणारी छोटी जोड, लावून केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंतचं माप धरायचं. लँड्स कुठे आहेत ते ओएएल गेज (लांबी मोजायचं साधन) आणि त्याला लावायच्या मॉडिफाइड केसने सापडतं, काहीजण बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून हाताला लागणाऱ्या अडकण्यावरून शोधतात, तेही चालतं. दुसऱ्याच्या रायफलचा आकडा मात्र आपल्या कामाचा नाही, थ्रोट वेगळा असतो.

खोल बसवली की केसमधली जागा कमी होते म्हणून प्रेशर वाढतं असं ऐकलं असेल, पिस्तुलाच्या छोट्या केसमध्ये ते फार गंभीर प्रकरण आहे, रायफलमध्ये लहान फरकाला लँड्सना टेकणंच जास्त मोजतं, पण लोडिंग मॅन्युअलच्या मापापेक्षा खूप खोल जाऊ नका.

माझं मत विचाराल तर नवीन असाल, मॅगझिन वापरत असाल किंवा रायफल फॅक्टरीची असेल तर टँजंट किंवा हायब्रिड गोळी घ्या आणि २० थाउ जंपपासून सुरू करा, मॅगझिनमध्ये तेवढं बसत नसेल तर मॅगझिनची लांबी हीच तुमची डेप्थ. एफ-क्लास (लांब पल्ल्याची, आडवं पडून रायफल टेकवून मारायची स्पर्धा) किंवा बेंचरेस्टला एकेक राउंड टाकत असाल, बॅरल कस्टम असेल आणि झीज मोजत राहायचा कंटाळा नसेल तरच जॅम, तेही मॅन्युअलच्या स्टार्टिंग चार्जवर परत येऊन हळूहळू वर चढत. टेस्ट करताना पावडर, प्रायमर, केस काही बदलू नका, फक्त डेप्थ हलवा, आणि तीन गोळ्यांच्या सुंदर ग्रुपचा फोटो काढण्याआधी त्याच डेप्थला पाच-पाचचे दोन ग्रुप अजून मारा, निम्मे विजेते तिथेच गळतात.