सेव्हिलमध्ये मासे मागवताय? आधी वजनाचा भाव विचारा

मार्च 2024 मध्ये मी आणि ताई तीन दिवसांसाठी स्पेनमधल्या सेव्हिलला गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी एका रेस्टॉरंटने आम्हाला फसवलं. तिकडे जाणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून घडलं ते सगळं लिहिते आहे.

दिवसभर कॅथेड्रल पाहिलं, कोलंबसची समाधी पाहिली, हिराल्दा चढलो. हा मनोरा मुळात बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, एकापुढे एक पस्तीस. ताईचे गुडघे दुखतात, तरी ती नेटाने वर आली. रस्ताभर कडू संत्र्यांच्या झाडांना मोहोर आलेला, सगळ्या गावाला त्याचा वास. साडेसहाला खाली उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. स्पेनमधली माणसं रात्री साडेआठ-नऊच्या पुढे जेवतात. त्यामुळे साडेसहाला जेवण शोधणारा माणूस बाहेरचा आहे, हे दारात उभ्या असलेल्या वेटरला लगेच कळतं.

आमच्या वेटरने ‘नमस्ते’ म्हणूनच आत बोलावलं. मेन्यूवर तापास (छोट्या बशीतले पदार्थ, एक असेल तर तापा) चार-पाच युरोंना होते. आम्ही साल्मोरेहो (टोमॅटो आणि पावाचं गार, दाट सार) आणि जिरं घातलेली पालक-छोल्यांची भाजी सांगितली. त्याने मेन्यू उचलून नेला आणि बर्फावर मांडलेली मासळी घेऊन आला. वेल्वाची पांढरी कोळंबी, एक अख्खा मासा. “आजचीच आहे, दोघींना थोडं थोडं करून आणतो,” म्हणाला. आम्ही हो म्हटलं.

आम्ही रत्नागिरीच्या. भाव ठरल्याशिवाय कोळणीच्या पाटीला हात लावायचा नाही, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. पण आधी मेन्यूवर चार-पाच युरोंचे आकडे वाचल्यामुळे डोक्यात तोच हिशेब बसला होता. मेन्यू आधी दाखवायचा, मग तो नेऊन मासळी दाखवायची, या क्रमातच सगळी फसवणूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

बिल आलं 154 युरोंचं. कोळंबी 400 ग्रॅम, 100 ग्रॅमला 14 युरो, म्हणजे 56. मासा 900 ग्रॅम, त्याचे 54. साल्मोरेहो आणि भाजी तापा म्हणून नव्हे, तर रासिओन म्हणजे मोठी बशी म्हणून लावलेली, प्रत्येकी 14. न मागता आलेल्या पावाचे 5, ऑलिव्हचे 4, पाण्याच्या दोन बाटल्यांचे 7. मेन्यू परत मागून पाहिला, तर मासळीपुढे बारीक अक्षरात ‘एस/एम’ एवढंच. म्हणजे ‘सेगून मेर्कादो’, बाजारभावाप्रमाणे.

वर कार्डाचं मशीन. त्यावर युरो की रुपये असं विचारलं जातं. त्याने आम्हाला न दाखवता रुपये दाबलं आणि 14,900 रुपये गेले. त्या दिवशीच्या दराने ते 13,900 च्या आसपास व्हायला हवे होते. पावतीवर ‘ग्राहकाने रुपये निवडले’ असं छापलेलं असल्यामुळे बँकेनेही नंतर हात वर केले. मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि युरोच दाबा.

ताई त्या रात्री झोपली नाही. पैशापेक्षा तिला त्या ‘नमस्ते’चं जास्त लागलं होतं.

सकाळी आमच्या घरमालकीणबाईंनी बिल पाहिलं आणि एक शब्द कागदावर लिहून दिला : ‘ओहा दे रेक्लामासिओनेस’, तक्रारीचा छापील फॉर्म. तिथल्या प्रत्येक हॉटेल-दुकानात तो ठेवावाच लागतो, तशी पाटी लावावी लागते आणि मागितला की फुकट द्यावा लागतो. बाईंनी आणखीही सांगितलं. 2022 च्या कायद्याने नळाचं पाणी फुकट मागता येतं, ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणायचं. आणि पदार्थ सांगताना तापा, मेदिया रासिओन (अर्धी बशी) की रासिओन, हे दरवेळी बोलायचं.

मग पूल ओलांडून त्रियानाच्या मंडईत गेलो. तिथे प्रत्येक मासळीवर किलोच्या भावाची पाटी, समोर काटा. ताईने बाईंकडून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “आ क्वांतो एस्ता एल किलो?” मासेवाल्याने पाटीवर बोट ठेवलं, वर आकडा कागदावर लिहूनही दिला.

दुपारी त्याच रेस्टॉरंटमध्ये जाऊन फॉर्म मागितला. आधी संपलेत म्हणाले. ताई पाटीखाली खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटांनी फॉर्म आला आणि त्याबरोबर पाव-ऑलिव्हचे 9 युरोही. आम्ही फॉर्म भरला, आमची प्रत घेतली. पण भाव न विचारता आम्ही तोंडी हो म्हटलं होतं, त्यामुळे कोळंबीचे आणि माशाचे 110 युरो गेले ते गेलेच.