१८ पूर्ण झाल्यावर राहायचं कुठं? सांगली-साताऱ्यात संस्थेतनं बाहेर पडणाऱ्यांसाठी सगळे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून

बालगृहातनं निघायची तारीख जवळ आली की प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, रूमचं भाडं किती पडंल. माझं म्हणणं, भाडं नंतर बघ. आधी हे बघ की नोकरी सुटली, कॉलेजला सुट्टी लागली, नाहीतर कावीळ होऊन पंधरा दिवस अंथरुणात पडलास तर त्या जागेत तुला राहू देणार का. घरच्या पोरांना हा विचार करावा लागत नाही, काही झालं की एसटी पकडून गावाला जातात. आपल्याला १८ झाल्यावर माघारी बालगृहात राहता येत नाही, कायद्यातच बसत नाही ते. म्हणून सगळे पर्याय मी ह्याच एका मापानं मोजलेत, कुणाला पटंल कुणाला नाही.

पहिलं अनुरक्षणगृह, ज्याला सगळे आफ्टरकेअर म्हणतात. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये आणि केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांमधल्या नियम २५ मध्ये हे सगळं लिहिलेलं हाय. २१ वर्षांपर्यंत आधार मिळतो, खास कारण असंल तर अजून दोन वर्षं. राहायचं-खायचं फुकट, सोबत ट्रेनिंग किंवा शिक्षण. नियमात तर सहा-आठ जणांनी मिळून एका घरात राहायची सोय करावी असं पण हाय, पण कागदावरचं आणि जिल्ह्यातलं ह्यात फरक असतोय हे तुला सांगायला नको. अनुरक्षणगृह प्रत्येक जिल्ह्यात नाही, त्यामुळं तुला परजिल्ह्यात जावं लागू शकतंय, म्हणजे इथली शाळा-कॉलेजातली ओळख, कुपवाडला (सांगलीजवळच्या एमआयडीसीत) लागलेलं काम, मित्र, सगळं सोडून. आणि गेटचं टायमिंग, रजिस्टरवर सही, जेवणाची घंटा हे सगळं परत. बऱ्याच पोरांना ह्याचाच वैताग येतो, "एवढी वर्षं तेच केलं, आता पुरे" म्हणत्यात. मान्य हाय, पण माझ्या मापात हा पर्याय सगळ्यात वर येतो, कारण काम नाही म्हणून तिथनं तुला कोण बाहेर काढत नाही. शिक्षण अर्धवट असंल आणि हातात काहीच नसंल तर गुमान तिकडं जा.

ह्याचाच दुसरा प्रकार म्हणजे संस्थेत न राहता बाहेर रूम घ्यायची आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेमधनं महिन्याला ४००० रुपये घ्यायचे. हे पैसे थेट तुझ्या बँक खात्यावर येतात, त्यामुळं खातं तुझ्या एकट्याच्या नावावर आणि आधारला जोडलेलं पाहिजे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं, आदेश बाल कल्याण समितीचा. मोकळीक सगळ्यात जास्त ह्यात, पण ४००० मध्ये रूम, मेस आणि येणं-जाणं तिन्ही बसत नाही, काम पाहिजेच. आणि सरकारी पैसा दर महिन्याच्या एक तारखेला पडंल असं धरून मालकाला शब्द देऊ नको, निदान दोन महिन्यांचं भाडं खात्यात पडून असल्याशिवाय ह्या वाटेला जाऊच नको.

आता बाहेरची रूम म्हणजे काय ते नीट बघूया, कारण निम्मी पोरं शेवटी इथंच येतात.

सांगलीत विश्रामबागला वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजमुळं कॉट बेसिसवर जागा मिळतात, मिरजेला मेडिकल कॉलेज आणि दवाखान्यांमुळं. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत तीन-चार कॉट, त्यातली एक तुझी, एक कपाट, मेस वेगळी. डिपॉझिट कमी लागतंय, भांडी-गॅस काय घ्यावं लागत नाही, आणि एक पार्टनर गेला तर त्याचं भाडं तुझ्या डोक्यावर येत नाही, त्याची कॉट भरायची काळजी मालकाची. उलट तिघांनी मिळून फ्लॅट घेतला तर दर महिन्याला स्वस्त पडतो, पण एकजण काम सोडून पुण्याला गेला की उरलेल्या दोघांची वाट लागते. घरची पोरं असा खड्डा बापाकडनं पैसे मागून भरतात. म्हणून पहिलं वर्ष तरी कॉट बेसिसच घे असं मी सांगतो, पगार बरा असला तरी.

आणि रूम बघायला गेल्यावर काय होतं ते पण ऐक. विश्रामबागला एका काकूंनी मला दारातच विचारलं, "आडनाव काय, गाव कुठलं, आई-वडील काय करत्यात?" मी सरळ सांगितलं, संस्थेत वाढलोय. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, निवडत होत्या ते मेथीचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मग रात्री-अपरात्री तुला काय झालं तर मी फोन कुणाला करायचा?" ऐकायला टोचलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्यामुळं आता मी सगळ्यांना सांगतो की रूम बघायला जाताना एक माणूस ठरवून जा, संस्थेचे अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, नाहीतर तुझ्याआधी बाहेर पडून नोकरीला लागलेला एखादा दादा किंवा ताई, आणि मालकासमोरच फोन लावून बोलायला दे. निम्मे नकार तिथंच गळतात. उरलेले निम्मे आडनावावरनं, नाहीतर मटण खातो म्हणून येतात, त्यांच्या दारात दोनदा जायचं नाही.

भाडेकरार मात्र करूनच घे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो म्हणतील, पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १०००, गावात ५००, एजंटचे पैसे वेगळे. फ्लॅट तिघांत असंल तर तिघांची नावं टाक. हे एवढं लावून धरतोय कारण तुझ्या आधारवर अजून संस्थेचा पत्ता असणार, आणि पत्ता बदलायला हाच करार चालतो. कॉट बेसिसवाले बहुतेक करार देत नाहीत, तिथं कॉट बेसिस कमी पडतंय हे खरं.

सांगलीत अजून एक गोष्ट बघायची ती म्हणजे पूर. शामरावनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड ह्या बाजूला रूम स्वस्त मिळाली म्हणून उडी मारू नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं, २०२१ ला परत आलं. पूर आला की पोरं पाहुण्यांकडं जातात, तुझ्यासाठी एखाद्या शाळेतला निवारा आणि सतरंजी. वरचा मजला मिळत असंल तर ठीक, तळमजला असंल तर भिंतीवरची पाण्याची रेघ बघ, नवीन रंग दिला असंल तर शेजाऱ्याला विचार. आणि दहावी-बारावीचं मार्कशीट, समितीचा आदेश, अनाथ प्रमाणपत्र ह्याचे फोटो काढून स्वतःच्या मेलवर टाकून ठेव. साताऱ्यात हा ताप नाही, तिथं फक्त पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.

शिकत असशील तर वसतिगृह. समाजकल्याणच्या मागासवर्गीय मुला-मुलींच्या शासकीय वसतिगृहात अनाथांसाठी २ टक्के जागा राखीव असतात आणि राहणं-जेवण फुकट, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. पैशाचा हिशेब केला तर ह्याच्या जवळपास पण काय जात नाही. पण माझ्या मापात हे खाली येतं आणि त्याचं कारण सुट्टी. दिवाळी आली की मेस बंद, मेसच्या मावशी गावाला, बाकीची पोरं बॅगा भरून स्टँडकडं पळतात, आणि वॉचमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेका खोलीला कुलूप लावत तुझ्या दारात येऊन विचारतो, "तू कधी निघणार?" निघून जाणार कुठं हे त्याला माहीत नाही आणि तुलाही. ह्याच्यावर उपाय आधीच करायचा, प्रवेश घेतानाच गृहपालांकडं लेखी अर्ज द्यायचा की मी संस्थेतनं आलोय, सुट्टीत राहायची परवानगी द्या, आणि त्याची एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. पोचचा शिक्का घ्यायला विसरू नको. आयत्या वेळी ऑक्टोबरात मागितलं तर सही करणारा माणूसच रजेवर असतोय.

साताऱ्यात मात्र वसतिगृहाचं पाणीच वेगळं. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात शाहू बोर्डिंग, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, काम करून शिकायची. ते "कमवा आणि शिका" अजून कॉलेजांत चालू हाय, तासावर पैसे मिळतात, ग्रंथालय, बाग, ऑफिस, काय मिळंल ते काम. त्यात पैसे कमी, पण काम आणि राहणं कॉलेजच्याच आवारात असलं तर सुट्टीत पण काहीतरी काम निघतंय, आणि पोरगं कुठनं आलं हे तिथं नवल म्हणून कोण विचारत नाही. सांगली की सातारा असा प्रश्न असंल आणि पुढं शिकायचंच असंल तर मी साताऱ्याकडं झुकंन. काम करायचं असंल तर सांगली, कुपवाड आणि मिरज एमआयडीसी दोन्ही वडापच्या (शेअर जीप-रिक्षाच्या) अंतरावर.

कामावरनं आठवलं, नोकरीसोबत राहायची सोय. हायवेवरची हॉटेलं, वर्कशॉपच्या मागची पत्र्याची खोली, सिक्युरिटीवाल्यांची रूम, कारखान्यावरचं हंगामी काम. राहणं फुकट, जेवण फुकट, पगार शिल्लक, ऐकायला झकास. पण काम गेलं त्या दिवशी छप्पर पण गेलं, आणि हे मालकाला तुझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतंय, त्यामुळं ओव्हरटाईमचे पैसे मागायला जीभ उचलत नाही. साखर कारखान्याचं तर हंगाम संपला की उन्हाळ्यात सरळ मोकळा. माझ्या मापात हे सगळ्यात शेवटी. घेतलंच तर थोडे महिने, डिपॉझिट साठवण्यापुरतं, आणि पगार रोख न घेता खात्यावर घे.

नातेवाईकांकडं परत जाणं ह्यावर मी जास्त बोलत नाही, प्रत्येकाचं वेगळं. आपल्यातले बरेचजण पूर्ण अनाथ नसतात, आजी असते, मामा असतो. एवढंच सांगतो, कायमचं जायच्या आधी एक दिवाळी तिथं राहून बघ, आणि १८ च्या सुमारास अचानक फोन करायला लागलेल्या काकाला ४००० बद्दल काही बोलू नको. पोरींच्या बाबतीत तर दोन महिन्यात स्थळं दाखवायला सुरुवात होते, त्यामुळं शिकायचं असंल तर जपून.

पोरींसाठी वेगळं एक हाय, सखी निवास, म्हणजे नोकरी करणाऱ्या महिलांचं वसतिगृह, केंद्राच्या मिशन शक्तीमधलं. तिथं भाडं पगाराच्या टक्क्यात असतंय, एकटीची खोली असंल तर जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींची १०, डॉर्मिटरी साडेसात. म्हणजे समजा पगार १२ हजार आणि डॉर्मिटरी घेतली तर ९०० रुपये, मेस वेगळी. प्रायव्हेट लेडीज हॉस्टेलशी तुलनाच नाही, पण हे नोकरी किंवा ट्रेनिंगवालीलाच आणि ठरावीक वर्षांपुरतंच, शिवाय जवळ कुठं जागा शिल्लक हाय ते महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारावं लागंल. शक्ती सदन आणि महिला राज्यगृह ही संकटात सापडलेल्या बायकांसाठी, तिथं सुरक्षा हाय पण नोकरीला रोज ये-जा करणं सोपं नाही. नर्सिंगला जाणार असशील तर मात्र हे सगळं सोड, हॉस्टेल असलेलं कॉलेज बघ, मिरजेत शिकून तिथंच दवाखान्यात लागलेल्या ताया भेटतात, सुट्टीचं त्यांनाच विचार. आणि रातोरात कुठनं बाहेर पडायची वेळ आली तर १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन, वन स्टॉप सेंटरला (अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) तात्पुरतं राहता येतंय. मुलांची हेल्पलाइन १०९८ फक्त १८ पर्यंतच्यांसाठी.

अनाथ प्रमाणपत्र काढलं नसंल तर संस्थेत असतानाच काढ, सांगली-साताऱ्याचं पुण्याच्या विभागीय उपआयुक्तांच्या सहीनं येतं, शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं १ टक्का आरक्षण त्याच्यावरच. बाहेर पडल्यावर त्या फाईलीमागं फिरायला रजा मिळत नाही.

आता मलाच निवडायचं असतं तर? बारावी झालीय आणि पुढं शिकायचंय त्यानं शासकीय वसतिगृह, सुट्टीचा अर्ज सोबत, आणि ४००० साठी पण अर्ज टाकून ठेवायचा. आयटीआय झालंय आणि काम लागलंय त्यानं कुपवाड-मिरज बाजूला कॉट बेसिस. दोन्ही नाही त्यानं अनुरक्षणगृह.

तारखेचं तेवढं बघ. बाहेर पडल्यानंतरचा प्लॅन निघायच्या दोन महिने आधी समितीपुढं गेला पाहिजे असं नियमातच हाय, आणि आपल्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख शाळेनं अंदाजानं १ जून टाकलेली असते, म्हणजे हे सगळं एप्रिलच्या सुरुवातीलाच करावं लागतंय. तारीख जानेवारीत येत असंल तर बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, मधल्या महिन्याचं काय ते लेखी विचार, परीक्षा होईपर्यंत राहू द्या असा अर्ज डिसेंबरातच समितीकडं दे, अधीक्षकांच्या सहीसकट.