इंदूरची माघातली मुंज: केटररचं पॅकेज की हंगामाचं पान?

दीडशे-दोनशे पानं असली की घराघरात हाच वाद: पॅकेज देऊन मोकळं व्हायचं, की महाराज (घरी येऊन रांधणारे आचारी) लावून चोइथराम मंडीतून भाजी आणायची? माझं मत आधीच सांगते. थंडीत महाराज, वैशाखात पॅकेज, आणि दोन्हीकडे पदार्थ निम्मे.

पॅकेजची सोय खरी आहे. टेबलं, भांडी, वाढपी, सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर, आणि बटूचे आईवडील निवांत होमापाशी बसू शकतात. पण मेनू बारा महिने तोच. पनीर, मंचुरियन, पास्ता आणि इंदूरची आठवण म्हणून भुट्ट्याचा कीस. आता कीस आपला खरा, पण तो पावसाळ्यातला. कोवळं देशी कणीस किसून तुपात परतायचं आणि दुधात शिजवायचं, तेव्हा ती चव येते. माघात तसं कणीस कुठून आणणार? मग फ्रोझन स्वीट कॉर्न वाटतात आणि पानात मिरची घातलेला गोड शिरा पडतो. पदार्थ गावचा असला म्हणजे हंगामातला असतोच असं नाही.

माघात गराडू हा कंद मागा. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल चोळतात. फोडी मंद आचेवर एकदा तळून ठेवायच्या आणि वाढायच्या वेळी दुसऱ्यांदा कडक तळायच्या. वर जीरावन मसाला, लिंबू. हे दुसरं तळण आधीच उरकलं तर गराडू चामट होतो. तेव्हा एक माणूस पूर्ण वेळ कढईपाशी हवा, त्याची मजुरी हिशेबात धरा. बाकीचं पान सोपं आहे: मटारभात, भरीत, नव्या बटाट्याची भाजी, गाजराची कोशिंबीर, पुरणपोळी. मटार या दिवसांत मंडीत ढिगानं येतो, तो सोलायला मात्र आदल्या संध्याकाळी चार आत्या-मावश्या लागतात. (त्या नाही म्हणत नाहीत, गप्पांचं निमित्त असतं.)

पैशांचं गणित वाटतं तितकं सरळ नाही. पॅकेजमध्ये ताटांची गॅरंटी असते. दोनशे लिहून दीडशे आले तरी पैसे दोनशेचेच. महाराजांकडे उरलेला शिधा आपल्या घरी येतो, पण तेल-तुपाची यादी ते सढळ हातानं देतात. ती घरातल्या जाणत्या बाईनं एकदा वाचावीच.

उरलेल्या अन्नाबद्दल इथे एक पळवाट ऐकू येते: ओला कचरा देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात जातो, तिथे गॅस होतो, मग वाया कुठे गेलं? 2022 साली तो प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज 550 टनांची होती आणि त्यातल्या सीएनजीवर बस धावतात, हे खरंच. पण साजूक तुपातल्या पोळ्या बसच्या टाकीसाठी लाटायच्या का? बुफेत वीस पदार्थ मांडले की प्रत्येकातलं थोडं थोडं ताटात जातं आणि तिथेच राहतं. पंगतीत वाढपी विचारून वाढतो. शंभरेक माणसांच्या दोन पंगती सहज उठतात, त्यापुढे मात्र बुफेच बरा. ताटं भाड्यानं स्टीलची घ्या किंवा पळसाच्या पत्रावळी आणा. चकचकीत कागदी ताटांना आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यांचं खत होत नाही.

वैशाखात सगळंच उलटं. भाज्या रोडावलेल्या, दूध दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नाही, आणि महाराजांकडे फ्रीजर नसतो. तेव्हा पॅकेज घ्या, मंचुरियन काढा, आमरस घाला. हापूस कोकणातून येतो, केसर गुजरातेतून, म्हणजे आंबा हंगामातला असला तरी इथला नाही. मला ते चालतं.

दोन्हींच्या मधलं हवं असेल तर केटररला मेनूकार्ड बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, "त्या आठवड्यात मंडीत काय स्वस्त असेल?" जो फोन न लावता चार भाज्या सांगेल, त्याला बयाणा द्या.