सोलापुरातील एक कात्रणसेवा आणि सुशीलकुमार शिंदे यांची फाइल

आपल्या शहरातील एका जुन्या वाचनालयात, शुल्क भरून विषय सांगितल्यास, त्या विषयावरची वृत्तपत्रीय कात्रणे शोधून त्यांच्या झेरॉक्स प्रती तारखेनुसार लावून बांधून दिल्या जातात. मी सुशीलकुमार शिंदे यांच्या कारकिर्दीची फाइल मागवली. ज्या न्यायालयात मी रोज काळा कोट घालून जातो, तिथेच त्यांनी १९५७ ते १९६५ या काळात नोकरी केली होती, एवढेच त्याचे कारण.

फाइलचा उत्तरार्ध उत्तम आहे. २००२ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक, जानेवारी २००३ मध्ये मिळालेले मुख्यमंत्रिपद, त्यानंतर आंध्र प्रदेशचे राज्यपालपद आणि २००६ पासूनचे केंद्रीय ऊर्जा खाते, हा सारा क्रम कुठेही तुटत नाही. ३१ जुलै २०१२ ची मांडणी तर दाद द्यावी अशी आहे : त्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील वीजजाळी कोसळली आणि त्याच दिवशी ऊर्जामंत्री असलेल्या शिंदे यांच्याकडे गृहखाते आले, संकलकाने या दोन्ही बातम्या समोरासमोरच्या पानांवर लावल्या आहेत आणि स्वतःचा एक शब्दही न घालता वाचकाला थांबायला लावले आहे. कसाबची फाशी, डिसेंबर २०१२ मधील दिल्लीचे सामूहिक बलात्काराचे प्रकरण आणि २०१४ मध्ये सोलापुरातच झालेला पराभव यांची कात्रणेही नीट वाचता येतात.

पूर्वार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. न्यायालयातील आठ वर्षे एका परिच्छेदात आटोपली आहेत आणि तोही नंतरच्या एका गौरवलेखातला आहे. कायद्याची पदवी, पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी, १९७१ मध्ये ती सोडून राजकारणात येणे आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून विधानसभेवर जाणे, हा खरा वळणाचा भाग. पण करमाळ्याच्या बातमीची प्रत इतकी पुसट आहे की मथळ्याखेरीज काही लागत नाही. राज्याचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी ९ अर्थसंकल्प मांडले, त्या अर्थसंकल्पांच्या वाट्याला दोनच पाने आली आहेत. दिल्लीच्या बातम्या कुठल्याही शहरात मिळतील. सोलापूरच्या वाचनालयाकडून सोलापूर जिल्ह्यातली वर्षे अधिक भरीव असावीत, ही अपेक्षा फार नाही.

आठ दिवसांचा वायदा होता, प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. शुल्क साडेतीनशे रुपये. बांधणी आणि समासातील पेन्सिलीच्या तारखा पाहता ते जास्त वाटले नाही. ग्रंथपालबाईंनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, करमाळ्याचे पान मूळ अंकावरून पुन्हा काढून देण्याचे मान्य केले आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाही असेही सांगितले. १९७४ चा तो गठ्ठा माळ्यावर आहे, शिडी आल्यावर कळवतो, असा निरोप परवा आला.