चिठ्ठीशिवाय गोळी न देणारं मेडिकल

राजारामपुरीतल्या या मेडिकलमधून मी पहिल्यांदा रागानंच परतले. पोराला सर्दी-ताप, रात्रीचे नऊ वाजलेले, म्हणून गेल्या वेळचं सेफिक्सिम हे अँटिबायोटिक (जिवाणू मारणारं औषध) मागितलं. "चिठ्ठी हाय काय, वहिनी?" नव्हती. घराजवळच्या दुकानात हेच औषध नुसतं नाव सांगितलं की मिळायचं.

पण काउंटरवरच्या दादांनी गिऱ्हाईक थांबवून मला समजावलं. पाकिटावरची लाल रेघ दाखवली, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण. रजिस्टर दाखवलं: 2014 पासून सेफिक्सिमसारख्या काही औषधांची नोंद डॉक्टर-पेशंटच्या नावासह 3 वर्षं जपावी लागते. सर्दी बहुतेक वेळा विषाणूची, तिथं अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. उलट जंतू औषधाला दाद देईनासे होतात. घरी येऊन वाचलं, 2019 मध्ये अशा जंतूंमुळे जगात अंदाजे 12.7 लाख माणसं थेट दगावली. वाचून पोटात गोळा आला.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. नुसत्या पॅरासिटामॉलवर ताप उतरला.

आता आबांची बीपीची गोळीही इथूनच. जेनेरिक सुचवतात, पण डॉक्टरांना विचारायला लावूनच. इन्शुलिन फ्रीजमधून काढून बर्फाच्या पिशवीसोबत देतात. गाडी लावायला जागा नाही आणि संध्याकाळी गर्दी फार, म्हणून मी दुपारीच जाते.