घट्ट टोफू आणि घोटीचा इंद्रायणी: आमच्या घरी जमलेलं जेवण

नाशिकमध्ये टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, आता शोधत फिरावा लागत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या मोठ्या दुकानांत पनीरच्या शेजारीच फ्रीजमध्ये 200 ग्रॅमचे पुडे दिसतात. आमच्या ह्यांना दूध-पनीर सोसेना, म्हणून मी तो आणायला लागले. आता घरात सगळ्यांनाच आवडतो.

पण एक आधीच सांगते, पनीर समजून घ्याल तर हिरमुसाल. पालकाच्या ग्रेव्हीत टोफू नुसता तरंगत राहतो आणि दुधाचा गोडवा त्याला कुठून येणार? त्याची खरी चव बिडाच्या तव्यावर कळते.

घेताना पुडा उलटून घटक वाचा. आयएनएस (खाद्यपदार्थातल्या घटकाचा क्रमांक) 516 लिहिलं असेल तर सोयाचं दूध कॅल्शियम सल्फेटने फाडून घट्ट केलेलं असतं, म्हणजे पोटात थोडं कॅल्शियमही जातं. 511 म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड, तेही चांगलं. 575, म्हणजे ग्लुकोनो डेल्टा-लॅक्टोन, बहुतेक लुसलुशीत टोफूत असतं. तो सूपमध्ये छान लागतो, तव्यावर मात्र उलटताना मोडतो. आपल्याला हवा तो घट्टच. बोटाने दाबला की किंचित दबून परत वर आला पाहिजे.

पुडा फोडल्यावर कच्च्या सोयाबीनचा हलका वास येतो, आणि माझी खरी नापसंती तेवढीच आहे. त्यावर उपाय सोपा आहे. जाड तुकडे करून चांगल्या खारट, कडकडीत पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे. वास उतरतो, मीठ आत जातं. मग सुती पंच्यात गुंडाळून वर खलबत्ता ठेवायचा आणि भात होईपर्यंत तिकडे बघायचं नाही.

भात इंद्रायणीचाच. हा वाण मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातला, पण आपल्या इगतपुरी-घोटीकडे भरपूर पिकतो आणि मी घोटीच्या गिरणीवरूनच आणते. बासमतीचं शीत न् शीत सुटं राहतं, सॉस खाली वाटीत जमतो. इंद्रायणी चिकट असल्याने घासाघासाला सॉस लागतो. नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं कमीच घालावं, नाहीतर गोळा होतो.

आता तवा. चांगला तापू द्या, दोन चमचे तेल घाला, तुकड्यांना कॉर्नफ्लोअरचा अगदी पातळ हात फिरवा आणि एकेक सोडा. सुरुवातीला तो तव्याला घट्ट धरून बसतो. तेव्हा उलथनं घालायचं नाही. तीन-चार मिनिटांनी चरचर कमी होते, कडेला सोनेरी रेघ दिसते आणि तुकडा आपोआप सुटतो. मग दुसरी बाजू. वरून कुरकुरीत, आतून मऊ, ही गंमत पनीरमध्ये नाही.

तुकडे काढून त्याच तव्यात ठेचलेलं आलं-लसूण, उभी हिरवी मिरची, सिमला मिरची आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग मोठ्या आचेवर परतायचा. पात मी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणते, ती ताजी असते. दोन चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, सुपारीएवढा गूळ, पाव वाटी पाणी. सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच. टोफू परत सोडून दोन वेळा हलवलं की गॅस बंद. चिनी-कोरियन जेवणातला तो खमंग वास भाजलेल्या तिळाच्या तेलाचा असतो. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याने ते साधत नाही. मी तीळ खमंग भाजून, जाडसर कुटून वरून पेरते. हिरवी पात शेवटी.

सासूबाईंनी पहिला घास घेऊन सांगितलं, "पनीरपेक्षा हलकं लागतं गं. मिरची मात्र वाढव." त्या आता स्वतःहून मागतात, यापेक्षा मोठी शिफारस माझ्याकडे नाही.

तक्रार आहे ती दुकानांच्या साठवणुकीबद्दल. एका दुकानात पुडे काउंटरवर बाहेरच मांडलेले होते, घरी आणलेला फुगला आणि आंबूस निघाला. फुगलेला पुडा घेऊच नका, तारीख पुढची असली तरी. उरलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, दोन-तीन दिवसांत संपवा.

एकदम दोन पुडे घेतलेत तर एक फ्रीझरमध्ये टाका. आतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो वितळला की जाळी पडते. रंग थोडा पिवळसर होतो, पण पिळून सॉसमध्ये टाकला की आतपर्यंत रस पितो. ह्यांना तोच जास्त आवडतो, मला ताजा. किंमत पनीरच्या आसपासच पडते आणि मला ती पटते.