चलन आलंय: भरून मोकळं व्हायचं, स्वतः भांडायचं की वकील द्यायचा?

वाहतूक पोलिसांच्या चलनाचा मेसेज आला की साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेता घेता दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, भरून टाक, कटकट मिटव. दुसरा म्हणतो, ओळखीचे वकील आहेत, बघून घेऊ. दोघांनीही चलन वाचलेलं नसतं. माझं मत असं की दंडाच्या आकड्यावरून वकिलाचा निर्णय घेऊच नये. गुन्हा खरोखर घडला का, आणि निकाल विरोधात गेला तर काय हातचं जाणार, या दोनच गोष्टी बघाव्यात.

म्हणून आधी फोटो उघडा. व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलमधून (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) मात्र अजिबात नाही. चलनाच्या नावाखाली बँकेची खाती रिकामी करणारे टपलेले आहेत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका आणि फोटो मोठा करून बघा. एमएच ११ आहे की एमएच ५०? शेवटच्या चार आकड्यांतला ३ खरंच ३ आहे की चिखलानं अर्धा झाकलेला ८? गाडीचा रंग, आरसे, सीट कव्हर तुमच्याच गाडीचं आहे का? त्या वेळी गाडी तिथे होती का? इथेच गफलत सापडली तर वकिलाकडे जायची गरज नाही. ऑनलाइन तक्रार करा, सोबत आरसी आणि स्वतःच्या गाडीचे फोटो जोडा, आणि तोच अर्ज वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या. ही पोच पुढे कोर्टात गेलात तरी कामी येते. तुमचाच नंबर लावून कोणी दुसरी गाडी फिरवत असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार त्याच दिवशी द्या.

गाडी विकलेली असेल तर मात्र प्रश्न वेगळा. राज्यातल्या राज्यात विकली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. नाव तुमचंच राहिलं असेल तर चलनही तुमच्याच दारात येत राहणार. आधी नावाची बदली करून घ्या, भांडण नंतर.

चूक आपलीच असेल तर भरून टाकणं चांगलं. हेल्मेट नसल्याचे पाचशे रुपये वाचवायला वकील दिला तर फी त्याहून जास्त होते आणि दिवसभराची मजुरी बुडते ती वेगळीच. पण ‘भरलं की मिटलं’ हे पूर्ण खरं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम (कोर्टात न जाता भरायचा ठरावीक दंड) भरली की खटला चालत नाही, हे बरोबर. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो गुन्हा पहिला म्हणून धरला जातो आणि पुन्हा तेच केलंत तर दुसऱ्या गुन्ह्याचा दंड लागतो. हेल्मेटच्या कलमात तीन महिने लायसन्स अपात्र करण्याची तरतूद आहे, आणि पैसे भरल्यानं लायसन्सवरची कारवाई आपोआप टळत नाही.

बरीच चलनं साठली असतील आणि ती मान्यही असतील, तर लोकअदालत सोयीची. वकील लागत नाही. पण तिथे फक्त तडजोड होते. तुम्ही निर्दोष आहात की नाही हे कोणी ठरवत नाही. एकदा निवाडा झाला की अपीलही नाही.

खरा प्रश्न पडतो तो चलन मान्य नसताना. कोर्टात स्वतः उभं राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शिपाई नावाचा पुकारा करतो, तुम्ही पुढे जाता, न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? इथे घाईनं ‘कबूल’ म्हणणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं. काही मिनिटांत दंड भरून सुटतात, पण कागदावर दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, लागते, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ‘कबूल नाही’ म्हटलं की गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. साक्षीदार, उलटतपासणी, तारखा सुरू होतात. बचाव कागदावर दिसणारा असेल, म्हणजे त्या दिवशी विमा चालू होता किंवा लायसन्स डिजिलॉकरमध्ये होतं, तर हे स्वतः निभावता येतं.

बचाव कायद्याच्या बारकाव्यावर उभा असेल तर वकील द्या. कॅमेऱ्यानं पकडलेल्या वेगाचंच घ्या. ११ ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि कॅमेरा असल्याचा ठळक फलक लागतो. हे कागद मागवायचे कसे आणि साक्षीदाराला त्यावर काय विचारायचं, हे तुम्हाआम्हाला जमत नाही. दुसरा फायदा अंतराचा. सांगलीच्या माणसाला खंबाटकी घाटातल्या प्रकरणासाठी दर तारखेला सातारा जिल्ह्यात हेलपाटा घालावा लागतो. वकील हजेरी माफीचा अर्ज देतो. त्यासाठी त्याच न्यायालयात रोज काम करणारा वकील बघा, आपल्या गावाहून नेऊ नका.

काही बाबतींत वकिलाशिवाय पाऊलही टाकू नये. दारू पिऊन गाडी चालवणं (कलम १८५) तडजोडीत बसत नाही. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात कोणी जखमी झालं किंवा दगावलं तर भारतीय न्याय संहिता लागते, ते चलन उरतच नाही. तिसरी बाब घराघरातली आहे: अकरावी-बारावीच्या मुलाच्या हाती क्लासला जायला गाडी देणं. कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाचं कॉलेज, नोकरी, सगळं त्यात अडकतं.

आणि पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा किंवा हळदीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर ऐन हंगामात तीन महिने लायसन्सविना बसला तर घर चालायचं कसं? माझ्यासारख्यानं भरून टाकावं असं चलनही त्यानं वकिलाला दाखवून मगच भरावं.

फी परवडत नाही म्हणून माघार घेऊ नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. सातारा आणि सांगली दोन्हीकडे हे कार्यालय आहे, तालुक्याला समित्या आहेत.

वकील ठरवताना चलनाची प्रत, फोटो, आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी सोबत न्या. फी पूर्ण प्रकरणाची की तारखेची, हे पहिल्याच भेटीत विचारा. ‘जिंकलो तरच फी’ असं कोणी म्हणालं तर उठून या. बार कौन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. तडजोड करण्याचे अधिकार बहुतेक छापील मजकुरात असतात, म्हणून मला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करायचा नाही, हे तिथेच स्पष्ट सांगून ठेवा.